भंडारा उचलला त्या वर्षी

आमच्या घरात राजकारणापायी ताट आपटलं गेलं ते एकदाच, आणि आपटणारी मी होते. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. हुबळीच्या बाजारात वडिलांचं किराण्याचं दुकान, हमाल-दलालांच्या आरडाओरड्यात वाढले, आणि तिथून अळणावरजवळच्या एका खेड्यात सून म्हणून आले. गावच्या बायका म्हणायच्या, हिचा आवाज विहिरीपर्यंत पोचतो. पोचायचाच. मला कुजबुजता येत नाही.

घरात हे, मी, आमची दोन लहान मुलं आणि अक्का. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाची बायको, माझी जाऊ. ती लग्न होऊन आली तेव्हा हे अंगणात उघडे फिरत होते म्हणे. वर्षभरात सासूबाई गेल्या आणि अक्कानंच ह्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं. नात्यानं वहिनी, पण ती ह्यांना कन्नडात हाक मारायची, 'तम्मा', धाकटा भाऊ. हे तिला 'अगं अक्का' म्हणायचे. तिचा नवरा एका पावसाळ्यात तापानं गेला. पोटी काही नाही. जमीन ह्यांच्या नावावर आली आणि अक्काच्या वाट्याला आल्या त्या तिच्या म्हशी. माहेरून आलेल्या एका म्हशीच्या तिनं चार केल्या होत्या.

त्या म्हशींवर तिचं सगळं होतं. पहाटे धार काढायची, मागच्या अंगणातल्या भट्टीवर दूध आटवून खवा करायचा आणि सकाळच्या पॅसेंजरनं धारवाडच्या पेढेवाल्यांकडे धाडायचा. लुगडं, चप्पल, औषध, माझ्या मुलांना खाऊ, सगळं तिचं तिच्यातून. विधवा बाईला एकत्र घरात काय किंमत असते ते तिनं आजूबाजूला बघितलं होतं. "मला कुणापुढं हात पसरायला लावू नका, दुसरं काही मागत नाही," एवढंच ती म्हणायची. म्हशी चरायच्या गावाच्या गायरानावर. गायरान होतं म्हणून म्हशी होत्या, आणि म्हशी होत्या म्हणून अक्का ताठ चालत होती. हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं, तर गावच्या पुढाऱ्यांना का कळू नये?

ऐंशीनंतरची ती वर्षं. पाऊस दोन-तीनदा दगा देऊन गेला होता. खरं बोलायचं तर गायरान बोडकं झालं होतं. जो तो आपली जनावरं सोडायचा, वरच्या अंगाला तळ्याभोवती तेवढं गवत टिकून होतं, बाकी सगळीकडे मुरूम दिसत होता. सरकारनं ठरवलं की असली गायरानं वन खात्यानं ताब्यात घ्यायची, कुंपण नाहीतर चर मारायचा आणि झाडं लावायची. त्यावरून अळणावर स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा गार होईस्तोवर भांडणं चालायची. एक पक्ष म्हणायचा, जंगल राखलं नाही तर पाऊसच येणार नाही, सरकारनं दांडगाई केली तरी चालेल. दुसरा म्हणायचा, आमच्या आजोबा-पणजोबांपासूनचं गायरान, त्यावर साहेब कोण आले? हे नुकतेच पंचायतीवर निवडून आले होते आणि पहिल्या पक्षाचे होते. मनापासून होते. ह्यांना हिरवा डोंगर बघायचा होता, लबाडी नव्हती त्यात. म्हणून तर जास्त राग यायचा.

त्याच सुमाराला मी बारशाला हुबळीला गेले. देशपांडे नगरात मामेबहिणीचं घर, शेजारी डॉक्टरीणबाई, सगळ्या शिकलेल्या. पेपरात जंगलतोडीचं काही आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खेड्यातल्या लोकांनीच जंगल खाल्लंय. जनावरं पाळायची कशाला इतकी?" मी पाळण्याची दोरी सोडली आणि म्हणाले, "बाई, तुमचा हा दरवाजा सागवानी दिसतोय. हा कुणाच्या म्हशीनं खाल्ला?" बहिणीनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. वडिलांच्या कानावर गेलं, तेही चिडले. मला काही वाटलं नाही. घुगऱ्या खाऊन मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

आता भंडाऱ्याचं सांगते, कारण सगळं अडलं ते तिथं. भंडारा म्हणजे देवाची हळद. आमच्या गावचा देव बिरदेव. गावात काही पक्कं ठरवायचं असलं की देवळापुढं बसायचं आणि दर चुलीमागं एका कर्त्या पुरुषानं देवापुढचा भंडारा मुठीत उचलून शब्द द्यायचा. तो शब्द त्या चुलीवर शिजलेलं खाणाऱ्या सगळ्यांना बांधतो. कोर्टाचा निकाल फिरवता येतो, वकील देता येतो. भंडारा उचललेला खाली ठेवता येत नाही. मोडला तर घराचं वाटोळं होतं, असं लहानथोर सगळे मानत. माझ्या हुबळीत भंडारा नुसता कपाळाला लावायचे. त्याची ही ताकद मी इथं येऊन बघितली.

रेंजर साहेब जीपमधून आला. देवळाच्या कट्ट्यावर बसला, गुळाचा चहा प्याला, गोड बोलला. आंबा लावू, फणस लावू, जांभूळ, चिंच, आवळा लावू. झाडं जनावरांच्या तोंडाच्या वर गेली की गायरान पुन्हा मोकळं. तोवर बायकांनी विळ्यानं गवत कापून न्यावं, कोण नको म्हणतंय? फक्त गावातल्या प्रत्येक घराची संमती पाहिजे आणि एकही जनावर आत येता कामा नये. लोकांनी माना डोलावल्या, पण एकमेकांवर कुणाचा विश्वास? माझी म्हैस मी बांधीन आणि शेजाऱ्याची रात्री सुटेल, असं जो तो मनात म्हणत होता. तेव्हा ह्यांनीच तोड काढली. म्हणाले, भंडारा उचलूया.

आणि उचलला. आधी कागदावर सही किंवा अंगठा, मग मुठीत हळद. शब्द असा होता: माझ्या चुलीचं कुणी, माणूस असो का जनावर, गायरानात पाऊल टाकणार नाही आणि खात्याच्या कामाच्या आड येणार नाही. पुरुष एकेक करून पुढं जात होते. आम्ही बायका विहिरीकडं उभ्या. अक्का माझ्या शेजारी होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. विधवेनं भंडारा उचलायची रीतच नव्हती. घरी आल्यावर ह्यांनी तिला सांगितलं, "दोन-तीन पावसाळे कळ काढ अक्का, मग गवतच गवत." ती म्हणाली, "तू म्हणतोस तर होय रे तम्मा." आणि तिनं पेढेवाल्यांकडून आगाऊ उचल घेऊन कडबा भरला.

पाऊस पडायच्या आधी गायरानाच्या खालच्या अंगाला चर खणला गेला. चांगला माणूसभर खोल. आत जायला वाट म्हणून ठेवलीच नाही. मग लॉऱ्या आल्या, काळ्या पिशव्यांतली रोपं उतरली, आणि सगळी नीलगिरी. आंबा नाही, फणस नाही, शपथेला चिंचेचं एक रोप नाही. वाऱ्याबरोबर तो औषधासारखा वास गावात आला. अक्कानं कुठूनशी एक डहाळी आणून म्हशीपुढं धरली. म्हशीनं फुरफुर केलं आणि तोंड फिरवलं. अक्का डहाळी उकिरड्यावर टाकून आली.

गोड बोलणाऱ्या रेंजरची बदली झाली होती. नवा आला तो उभ्या उभ्या बोलायचा. गवत कापायचं? कोण म्हणालं? मोकळं कधी? कसलं मोकळं, हे लाकूड कारखान्याला जाणार, कापलं की पुन्हा फुटणार, पुन्हा कापणार. ह्यांनी पंचायतीचा कागद दाखवला, तर तो म्हणाला, तुम्हीच तर दिलंत. ह्यांचा चेहरा त्या दिवशी बघवत नव्हता. पण माझा राग इतका होता की मला दया आली नाही.

गाव धुमसत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. बोलणार कसं? आड येणार नाही म्हणून हळद उचललेली. धारवाडहून एक प्राध्यापक आले, झोळीवाले, चांगले गृहस्थ. म्हणाले, खालच्या अंगाला लावलं ते लावलं, वरचं तळ्याकडचं अजून खात्याच्या नावावर चढलेलं नाही. त्यासाठी मोठे साहेब येऊन सुनावणी घेतील. एक जरी हरकत आली तरी प्रकरण चौकशीला वर जाईल. उठा, हरकत घ्या. लोक खाली मान घालून बसले. प्राध्यापक हताश होऊन विचारत होते, तुम्ही सरकारला इतके घाबरता? त्यांना कसं कळावं, कुणी सरकारला घाबरत नव्हतं. सगळे देवळाकडं बघत होते.

कडबा संपत आला. दूध आटलं, खवा आटला, धारवाडहून आगाऊ दिलेल्याची विचारणा सुरू झाली. त्या दुपारी हे जेवायला बसले आणि ताटाकडं बघत म्हणाले, "अक्काच्या म्हशी विकून टाकू. व्यापारी येतोय. तिला घरात काय कमी आहे? दोन वेळचं आहेच की."

ताट मी तेव्हा आपटलं. भात भिंतीपर्यंत उडाला. "दोन वेळचं? ज्या बाईनं तुम्हाला वाढवलं तिला आता तुम्ही दोन वेळचं घालणार? उपकार करणार? आणि उद्या मी भांडले तर तेही जड होईल. तुम्ही भंडारा उचललात, भोगायचं तिनं?"

"मग काय करू?" हे ओरडले. हे ओरडत नसत कधी. "मोडू? पोरांच्या डोक्यावर घेऊ? सांग, तुझ्या पोरांच्या डोक्यावर घेऊ?"

अक्का दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, भिंतीवरचा भात पुसला आणि मला म्हणाली, "अन्नावर राग काढू नये गं."

दुसऱ्या दिवशी म्हशींचा व्यापारी आला. कासा चाचपल्या, ओठ उलटवून दात बघितले, पाठीवर थापा मारल्या, स्वतःच्या घरचं असल्यासारखा गोठ्यात फिरला. अक्का गोठ्याचा खांब धरून उभी होती. "परवा या," ती म्हणाली. तो म्हणाला, परवा म्हणजे सुनावणीचा दिवस, गर्दी असणार. ती म्हणाली, "असू दे. तेव्हाच या."

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी दारात सडा घालत होते. अक्का गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडत होती. मला वाटलं, गुरांचं आंबोण शिजवायला. मग ती हातात खापर घेऊन फाटकातून बाहेर पडली. मी म्हणाले, "अक्का, विस्तव पाहिजे तर आत आहे की, चूल पेटलीय." ती थांबली. "तुझा चालत नाही," म्हणाली, आणि रस्त्यापलीकडच्या कुंभाराच्या घरी गेली.

मला क्षणभर काही उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा हातातली बादली तिथंच ठेवून मी खाली बसले. आमच्याकडं घरं वेगळी होतात ती विस्तवानं. भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा जुन्या चुलीतला निखारा नव्या चुलीत नेतात, म्हणजे घरं दोन झाली तरी नातं एक. पण परक्या घरचा विस्तव आणून चूल मांडली तर सगळं तुटलं. देणंघेणं, सोयर, सुतक, सगळं. मेल्यावर खांदासुद्धा नाही. असं कुणी करत नाही. हाडवैर असलं तरच करतात. अक्का निखारे घेऊन भर रस्त्यानं परत आली, साऱ्या आळीनं बघितलं. तिनं तीन दगडांत जाळ केला आणि मूठभर तांदूळ शिजवून एकटीनं खाल्ले. भंडारा चुलीला बांधतो, आणि आमचाच निखारा नेला असता तर नात्याबरोबर शब्दही मागं आला असता. ही चूल भंडारा उचलला तेव्हा जगात नव्हती. पंचांनी घर न् घर मोजलं होतं, पण एक बाई नवी चूल मांडेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी ह्यांना सांगायला धावले, तर हे आधीच शाळेकडं गेलेले. पंचायतीचे सदस्य ना, साहेबांच्या खुर्च्या मांडायला.

शाळेच्या पटांगणात टेबल, त्यावर निळं कापड, मोठे साहेब, नवा रेंजर, कारकून. अख्खा गाव मातीत बसलेला. साहेबांनी कन्नडात वाचून दाखवलं: सर्व घरांची संमती, हरकत असल्यास आता सांगावी. प्राध्यापक उठले आणि छान बोलले, पाण्याबद्दल, मातीबद्दल. साहेब शांतपणे म्हणाले, "आपण या गावचे का?" प्राध्यापक खाली बसले. कारकून कागद आवरायला लागला.

मग बायकांतून अक्का उठली. पदर डोक्यावरून घेतलेला. "माझी हरकत आहे."

"कुठल्या घरच्या तुम्ही?"

एक म्हातारे पंच घाईनं म्हणाले, ही सदस्यांची वहिनी, ह्यांच्या भंडाऱ्यात आली, हिची वेगळी हरकत होत नाही. अक्का म्हणाली, "माझी चूल वेगळी आहे. आज सकाळपासून. विस्तव कुंभाराघरचा. विचारा गावाला."

लोकांत लाट आल्यासारखी कुजबुज झाली. विस्तवाचा अर्थ तिथं सगळ्यांना कळत होता, एक साहेब सोडून. साहेबांनी ह्यांच्याकडं वळून विचारलं, "तुम्ही सांगा. ही बाई तुमच्या घरातली आहे का नाही?"

हे टेबलाच्या बाजूला उभे होते. मी बायकांत बसले होते. हो म्हणावं, तर अक्काची हरकत बाद, म्हशी व्यापाऱ्याबरोबर गेल्या, आणि वर ह्यांच्याच चुलीचं माणूस आड आलं म्हणून भंडारा मोडला. नाही म्हणावं, तर म्हशी राहतील, तळं राहील, पण चारचौघांत अक्काला परकी म्हणायचं. परकी म्हटलं की तिच्या चितेला विस्तव द्यायचा हक्क गेला. ह्या जगात तिला तो द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी इतकी वर्षं ह्या माणसाशी भांडत आले होते, पण त्या घटकेला मला त्यांच्या जागी उभं राहवलं नसतं.

अक्का ह्यांच्याकडं बघत होती. लहान मुलाला पहिल्यांदा शाळेच्या दारात सोडताना आई बघते ना, तशी बघत होती. तिनं अगदी थोडी मान हलवली.

हे म्हणाले, "नाही. ह्या बाई आमच्या घरातल्या नव्हेत."

आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. साहेबांनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. अक्का पुढं गेली, टेबलावर वाकून अंगठा उठवला आणि पदरानं शाई पुसत परत जागेवर येऊन बसली. साहेब म्हणाले, हरकत आली, प्रकरण वर जाईल, निकाल लागेस्तोवर तळ्याकडची बाजू खात्यानं धरू नये, आणि हरकत घेणारीची जनावरं अडवू नयेत. रेंजरनं तोंड वाकडं केलं. पुढं ते कागद वर गेले आणि वरच राहिले. खालची नीलगिरी दोनदा कापली गेली, तळ्याकडचं अजून गवताचंच आहे. अक्काच्या मागोमाग गावातल्या आणखी काही एकट्या बायकांनीही चुली मांडल्या, पण त्यांनी विस्तव आपापल्या घरातूनच नेला. पंच काही बोलले नाहीत. वाट पडली होती, आता कोण बोलणार?

व्यापारी आला तसा गेला. त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. मला सुद्धा कधी कधी कळतं.

सकाळी हे अंगणाच्या फाटकात उभे होते. रात्रभर झोप नसावी, डोळे लाल. गोठ्यातून म्हशी निघाल्या, मागं काठी घेऊन अक्का. कितीतरी महिन्यांनी त्या गायरानाच्या वाटेला लागत होत्या, पुढची तर नुसती ओढत होती. हे वाटेतच उभे. अक्का जवळ आली तेव्हा ह्यांचे ओठ हलले, अक्का म्हणायचं होतं बहुतेक.

तिनं पदर नीट केला. गावात परक्या पुरुषाशी बोलताना बायका करतात तसा. आणि खाली बघत म्हणाली, "वाट द्या, अण्णा. जनावरं थांबत नाहीत."

हे बाजूला झाले.